झडीच्या दिवशी लेकरू घरात

(आमच्या महिला बचत गटानं सामुदायिक रेडिओवर केलेलं हे बोलणं. बोललं तसंच छापायला दिलं आहे.)

 

आम्ही सगळ्या एका गावच्या, एका गटाच्या. अंबडच्या बाजूला, काळ्या रानातलं आमचं गाव. गटात आम्ही बाराजणी. चौघी इथं माइकसमोर आलोत, बाकीच्या घरी ऐकत बसल्यात. आम्ही काही जास्तीचं बोललो तर गावात गेल्याबरोबर त्या आमचा हिशोब घेणार आहेत. एका वेळी एकीनंच बोलायचं असं इथल्या ताईंनी बजावलंय, म्हणून एकीच्या तोंडून सगळ्यांचं ऐका.

आज बोलायचं आहे ते झडीबद्दल. झड लागली की घरात कोंडलेल्या लहान लेकराचं करायचं काय, त्याबद्दल.

खरं म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यात बसून पावसाबद्दल कुरकुर करणं तोंडाला शोभत नाही. 2012-13 च्या दुष्काळात आपण टँकरमागं घागरी घेऊन पळालेल्या बाया. मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना आपण पाहिल्या. त्या वर्षी कुणी म्हणालं असतं की पाऊस पडतोय म्हणून मी वैतागले, तर तिला वेड्यात काढलं असतं. आणि 2025 च्या सप्टेंबरात उलटं झालं. साऱ्या मराठवाड्यात पाणी मावेना, सोयाबीन रानातच सडलं. आपल्याकडं पाऊस असा, एक तर डोळे लावायला लावतो, नाही तर डोळ्यांत पाणी आणतो. पण आज पिकाचं बोलणं नाही. पिकाचं बोलणारे रेडिओवर पुष्कळ आहेत.

गेल्या श्रावणात तीन दिवस झड होती. चौथ्या दिवशी आमची महिन्याची बैठक. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला, तरी कुणी उठेना, कारण बाहेर पाऊस होताच. आमच्यातली एकजण, एरवी सगळ्यांत जास्त हसणारी, एकदम म्हणाली, "बाई, काल म्या लेकराला फुकणीनं मारलं." लेकरू तीन वर्षांचं. वळ उठला होता. का मारलं, तर त्यानं भिजवलेल्या कणकेत राख टाकली होती.

आम्हाला वाटलं कुणी तरी तिला बोलेल. कुणीच बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, मी पण. तिसरी म्हणाली, माझ्या सासूनं धरलं म्हणून वाचलं नाही तर. एकीनं सांगितलं की तिनं लेकराला वसरीच्या खांबाला लुगड्यानं बांधून ठेवलं आणि भाकरी केल्या. सांगताना ती हसत होती, पण ते हसू आम्हाला ओळखू येतं.

आता फुकणीनं मारणारी ही बाई वाईट आहे का? आम्ही तिला पंधरा वर्षं ओळखतो. ती वाईट नाही. झडीचा दिवस घरात कसा जातो ते बघा म्हणजे कळेल.

सकाळी उठावं तर सरपण ओलं. चूल धूर करते, पेटत नाही. रानात खुरपायला जाता येत नाही, म्हणजे रोज बुडाला. लाईट गेलेली. कपडे वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधलेल्या, मधून वाकून चालायचं. गोठ्यात जनावरं ओली, त्यांचं वेगळं. पत्रा गळतोय. आणि ज्याला धावायला सारं अंगण लागतं, ते लेकरू एका खणात कोंडलेलं. अंगणवाडी त्या दिवशी भरत नाही. वाटेवर गुडघाभर चिखल असला तर सेविकाताई तरी कशी येईल? गडीमाणसं म्हणावीत तर देवळाच्या पारावर नाही तर हॉटेलात पत्र्याखाली बसलेली. त्यांना घर लहान वाटतं. आपल्याला तर ते मोठं करता येत नाही.

मग आपण काय करतो? मोबाईल देतो. खोटं कशाला बोलायचं, आम्ही सगळ्यांनीच दिला. लेकरू गप्प बसतं, आपला सैपाक होतो. पण चार्जिंग संपलं आणि लाईट नाही, की जो आकांत होतो तो मोबाईल दिला नसता तर झाला नसता, हे आम्ही बाराजणींनी मिळून कबूल केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला मोबाईल-टीव्हीपुढं बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसातून एका तासाच्या वर नको, कमी तेवढं चांगलं. आम्ही हे गटात वाचून दाखवलं तेव्हा एक सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला हे कळायला संघटना कशाला पाहिजे? मोबाईलवालं लेकरू हाक मारली तर बघत पण नाही." त्यांचं बरोबर आहे. पण मोबाईल काढून घेतल्यावर त्या जागी काय द्यायचं, ते काही सासूबाईंनी सांगितलं नाही.

दुसरी सोय म्हणजे घरातली थोरली मुलगी. सात-आठ वर्षांची पोर, तिच्या काखेला धाकटं अडकवायचं आणि "सांभाळ गं" म्हणायचं. तिला शाळेला सुट्टी मिळालेली असते ती पावसामुळं, भाऊ सांभाळायला नव्हे. थोरला मुलगा असला की त्याच्या काखेला कुणी अडकवत नाही, हे पण लिहून ठेवा.

त्या बैठकीत आम्ही एक गोष्ट ठरवली. पुढच्या झडीला प्रत्येकीनं आपापल्या घरी बघायचं, की लेकरू कशानं जास्त वेळ रमतं. आणि बैठकीत येऊन खरं सांगायचं, मोठेपणासाठी काही सांगायचं नाही. हे सगळं त्यातून निघालं आहे.

सगळ्यात पहिल्यांदा कळलं ते असं, की बाजारातली खेळणी कुणाच्याच लेकराला अर्ध्या तासाच्या वर पुरली नाहीत. जत्रेतली गाडी, बाहुली, पिपाणी, सगळं कोपऱ्यात. लेकराला हवं होतं ते आपल्या हातातलं. आपण लाटणं घेतलं की त्याला लाटणं, सूप घेतलं की सूप. त्या तीन वर्षांच्या पोरानं कणकेत राख टाकली ती खोडी नव्हती. आई पीठ टाकते, पाणी टाकते, मीठ टाकते, त्यानं पण एक काही तरी टाकलं. हे त्याची आई स्वतःच म्हणाली, आम्ही नाही.

मग तिनं काय केलं? दुसऱ्या झडीला आधीच सुपारीएवढा कणकेचा गोळा काढून त्याच्या हातात दिला आणि एक उपडी वाटी पुढं ठेवली. त्यानं त्या गोळ्याचा साप केला, सापाची जिलबी केली, जिलबीची भाकरी केली. ती भाकरी काळी झाली होती, तरी तिनं तव्याच्या कडेला भाजून दिली. आपल्या आया आपल्याला चानकी करून द्यायच्या, आठवतंय का? तेच. पण चानकी आपण करून देण्यात आणि त्याची त्यानं करण्यात फरक आहे. आपण केलेली चानकी ते दोन घासांत खातं. स्वतःची केलेली घरभर दाखवत फिरतं, आजीला दाखवतं, कुत्र्याला दाखवतं. तेवढ्या वेळात तिच्या आठ भाकरी झाल्या. आम्ही विचारलं, किती मोजल्या? म्हणाली, मोजल्या, आठ.

लसूण हे दुसरं. लसणाचे चार गड्डे पुढं टाकायचे आणि पाकळ्या मोकळ्या करायला सांगायचं. साल उडतं, लेकरू ते फुंकरीनं उडवतं, घरभर साल होतं. होऊ द्या. झडीच्या दिवशी घर झाडून तसंही काय उपयोग असतो? मेथीची पानं खुडणं, वाल-वाटाण्याच्या शेंगा सोलणं, बटाटे-कांदे वेगळे करून दोन टोपल्यांत टाकणं, वाळलेल्या कपड्यांतले आपले कपडे शोधून काढणं. कांदे-बटाटे वेगळे झाले की पुन्हा एकत्र करायचे आणि पुन्हा द्यायचे. तीन वर्षांचं लेकरू यात लबाडी धरत नाही. चार वर्षांचं धरतं. ते म्हणतं, "आत्ताच तर केले."

इथं एक सांगायचं राहू नये. निवडायला म्हणून दाणे देऊ नका. आमच्यातल्या एकीनं तूर आणि हरभरा मिसळून निवडायला दिला, तिला वाटलं हात पण चालेल आणि डोकं पण. लेकरानं तुरीचा दाणा नाकात घातला. तिनं चिमटीनं काढायला बघितला तर तो आणखी आत गेला. दाणा ओला झाला की फुगतो, म्हणून वेळ लागेल तसं अवघड होतं. केसाची पिन, काडी काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. पावसात मोटारसायकलवर, लेकराला पोत्याच्या खोळीत गुंडाळून ते नवरा-बायको तालुक्याला गेले. निघाला दाणा. शेंगदाणे, फुटाणे, हरभरे हे तर चार वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात खेळायला पण नको आणि चघळायला पण नको. घशात अडकतात.

आता गळक्या पत्र्याचं ऐका, हे आम्हाला सगळ्यात आवडलं. आमच्यातल्या एकीचं घर तीन जागी गळतं. घरकुलाच्या यादीत नाव आहे, नंबर यायचा आहे. ती दरवेळी तीन जागी तीन भांडी ठेवते. एकाखाली परात, एकाखाली जर्मनचं पातेलं, एकाखाली प्लास्टिकची बादली. तिच्या चार वर्षांच्या पोरीनं परातीतला आवाज ऐकला, मग पातेल्यातला, मग बादलीतला. तिघांचे आवाज वेगळे. पोरीनं भांड्यांच्या जागा बदलल्या. मग परातीत फडकं टाकलं, आवाज बंद. फडकं काढलं, आवाज सुरू. मग परातीत पाणी भरत गेलं तसा आवाज बदलत गेला. पोरगी म्हणाली, "आई, परात आता दमली." दीड तास हे चाललं. आई बघत उभी राहिली आणि तिची भाजी करपली.

ती बैठकीत म्हणाली, "दहा वर्षं झाली, पत्रा गळतो म्हणून मी रडत होते. तो वाजतो हे मला माहीतच नव्हतं." आता याचा अर्थ पत्रा गळायला पाहिजे असा कुणी घेऊ नका. घरकुल तिला मिळालंच पाहिजे, आणि आम्ही त्यासाठी ग्रामसभेत बोलणार आहोत. पण ज्यांचा पत्रा गळत नाही त्यांनी वळचणीखाली, हाताला येईल अशा जागी, भांडी मांडली तरी चालतं. आणि खेळ झाला की भांडी रिकामी करा. वीतभर पाण्यात सुद्धा रांगतं लेकरू तोंडावर पडून बुडू शकतं. बादली आणि हौद झाकलेला पाहिजे.

मातीचं काय सांगावं! आपली काळी माती, पावसात चपलेला चिकटून पाय जड करणारी, लेकराच्या हातात मात्र सोनं होते. पोळ्याला आपण मातीचे बैल करतोच की. पण माती पावसात आणायला जायचं म्हटलं तर जमत नाही, आणली तर तिचं गारं झालेलं असतं. म्हणून आम्ही उन्हाळ्यातच वाळली ढेकळं फोडून, चाळून, काटे-खडे काढून एका डब्यात भरून ठेवायला लागलो. माती रानातली घ्या, गोठ्याजवळची किंवा संडासाजवळची नको. झडीच्या दिवशी दोन मुठी काढायच्या, पाणी लेकराला ओतू द्यायचं. ते जास्त ओततं. मग आणखी माती घालायची. ते पुन्हा जास्त ओततं. अशी पहिली पंधरा मिनिटं नुसती चिखल करण्यातच जातात आणि तोच त्यांचा खरा खेळ असतो, बैल नंतरचा.

काळी माती वाळली की तडकते. रानाला भेगा पडतात तशा बैलाच्या पाठीला पडतात. त्यात थोडा बारीक भुसा नाही तर कापूस पिंजून मिसळला तर तडकणं कमी होतं. कापूस आपल्या घरात नसेल असं घर आपल्या जिल्ह्यात शोधावं लागेल. बैल, चूल, उखळ, पाटा-वरवंटा, साप, लाडू असं काहीही होतं. आमच्या एका पोरानं ट्रॅक्टर केला आणि त्याला शिंगं लावली. जे लेकरू अजून सगळं तोंडात घालतं, त्याला माती देऊ नका, कणीकच द्या. आणि खेळ झाला की साबणानं हात धुणं हा पण खेळच करायचा, फेस त्यांना आवडतो.

यात आमचं काही नवीन नाही. तुमच्यातल्या सेविकाताईंना हे माहीत असेल, पण आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघी बायांनी 1945 साली समुद्राकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या लेकरांसाठी बालवाडी सुरू केली. पुढं 1957 मध्ये त्या डहाणूकडं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आदिवासी लेकरांमध्ये. शहरातल्या बालशाळांमध्ये तेव्हा महागडी लाकडी साधनं असायची. या दोघींनी पाहिलं की हे आपल्या लेकरांना परवडणारं नाही, आणि मग दगडगोटे, शिंपले, पानं, बिया, माती यांवर शिकवलं. लेकरं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी, हा शब्द त्यांच्या कामातून आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तिच्यात आपल्या गावोगावच्या अंगणवाड्या आल्या. आम्हाला वाटत होतं अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा. पाऊस आला की अंगण घरात घ्यायचं, एवढंच आम्ही त्यात भर घातली.

गोष्टींचं सांगतो. झडीच्या दिवशी सगळ्या आज्या एकच गोष्ट सांगतात, काऊ-चिऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दारात येतो आणि चिमणी काही तरी कारण सांगून दार उघडायला उशीर लावते. आपण सगळ्यांनी ऐकली, सगळ्यांनी सांगितली. पण त्या झडीत आमच्या शेजारच्या गल्लीत एकांची मातीची भिंत पडली. माणसं वाचली, पण संसार भिजला. त्यांचं लेकरू आमच्यातल्या एकीच्या घरी होतं, आणि आजीनं सवयीनं हीच गोष्ट सुरू केली. लेकरू ऐकता ऐकता गप्प झालं आणि म्हणालं, "आमचं घर शेणाचं होतं का?"

आजीला काय बोलावं कळेना. मग ती म्हणाली, "नाही रे बाबा, ते घर जुनं होतं, दमलं होतं." आणि तिनं गोष्ट बदलली. चिमणीनं पहिल्याच हाकेला दार उघडलं. कावळा आत आला, त्यानं अंग पुसलं, मग दोघांनी मिळून शेगडीजवळ बसून काय काय खाल्लं ते लेकरांनीच सांगायचं. भजे, मुरमुरे, मॅगी, सगळं आलं त्या चिमणीच्या घरात.

नंतर आम्ही बाया त्यावर फार हसलो आणि थोड्या भांडलो पण. एक म्हणाली, गोष्ट अशी बदलायची नसते, चिमणी लबाड आहे हे लेकरांना कळलं पाहिजे. दुसरी म्हणाली, चिमणी कुठली लबाड? तिच्या हातात पोर होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, दार कोणत्या हातानं उघडणार? बापा कुठं होता त्या पोरांचा? तो पारावर. असं ते बोलणं फार लांब गेलं. तुम्ही तुमच्या गटात ही गोष्ट काढून बघा. पण घरात भिंत पडलेली असेल, कुणी गेलेलं असेल, तर गोष्ट सांगताना लेकराच्या तोंडाकडं बघत सांगा एवढंच.

संध्याकाळी लाईट नसली की भिंतीवर सावल्या करता येतात. दोन्ही हातांचं हरीण, एका हाताचा कुत्रा, अंगठे अडकवून पाखरू. त्यासाठी बॅटरी वापरा, रॉकेलची चिमणी किंवा मेणबत्ती लेकराच्या हाताशी नको. गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन "मी रानात चालले" म्हणत खाटेभोवती फिरणं, हे सुद्धा आमच्या पोरींनी पुष्कळ केलं. खुरपं म्हणून चमचा. एक पोरगी तर सगळ्यांना रोज वाटत होती. पुरुषांना शंभर जास्त दिले तिनं. आम्ही विचारलं का, तर म्हणाली, असंच असतं.

आता जे सांगायला आम्ही मुद्दाम एवढ्या लांब आलो, ते सांगतो.

खाटेवरून गोधडी खाली सोडली की खाटेखाली घर तयार होतं. लेकरांना हे घर फार आवडतं. आमच्यातल्या एकीनं असंच केलं, दोन लेकरं आत पाठवली, पाच वर्षांची आणि अडीच वर्षांचं, आणि ती निवांत भाकरी थापत बसली. आतून हसण्याचे आवाज येत होते. मग धाकटं बाहेर आलं. त्याच्या हातात एक निळं झाकण होतं आणि ते झाकणानं चहा पिण्याचा खेळ करत होतं.

ते झाकण कपाशीवर मारायच्या औषधाचं होतं. बाटली खाटेखाली, भिंतीकडं, पोत्यामागं ठेवलेली होती, अर्धी उरलेली. फवारणी झडीमुळं थांबलेली, म्हणून रानातून घरी आणलेली. थोरलीनं झाकण उघडलं होतं आणि पातळ काही दिसलं म्हणून तिचं ती भातुकलीत "तेल" ओतणारच होती. सांडलं नव्हतं. कुणी प्यायलं नव्हतं. आईनं झाकण हिसकावलं, दोघांचे हात साबणानं चार वेळा धुतले, कपडे काढले, आणि मग ती दाराच्या उंबऱ्यावर बसली ती अर्धा तास उठली नाही. भाकरी तव्यावर जळून गेली.

ही बाई आत्ता इथं आमच्यात बसलेली आहे. तिनं सांगितलं की माझं नाव घेऊ नका, पण गोष्ट सांगा.

बायांनो, झडीच्या दिवशी दोन गोष्टी एकदम घरात येतात. लेकरू दिवसभर घरात येतं आणि फवारणीचं औषध पण घरात येतं. एरवी दोघं रानात, अंगणात वेगळे असतात. त्या बैठकीनंतर आम्ही बाराजणींनी आपापल्या घरातल्या खाटेखाली वाकून बघितलं. सात घरांत काही ना काही सापडलं. औषधाच्या बाटल्या, तणनाशक, उंदराचं औषध, धान्यात ठेवायच्या गोळ्या. दोन घरांत औषध पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं होतं, शेजाऱ्याकडून अर्धं उसनं आणलेलं म्हणून. पाण्याच्या बाटलीत! लेकरू सोडा, पाहुणा सुद्धा प्यायला असता.

आम्ही गटाच्या पैशातून बारा कुलपं आणली. कुणाकडं जुनी पत्र्याची पेटी होती, कुणी गोठ्याच्या आढ्याला खोकं बांधलं. औषध ज्या बाटलीतलं त्याच बाटलीत, कुलपात, घराबाहेर आणि उंचावर. घरधन्यांनी आधी कुरकुर केली, की दर वेळी कुलूप कोण काढणार. आम्ही म्हटलं, तुम्ही काढणार.

आणि कुणाच्या पोटात गेलंच तर ऐका. ओकारी काढायला मीठ-पाणी पाजू नका, बोटं घालू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा, आणि औषधाची बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कळतं काय गेलंय ते. पावसात रस्ता बंद असेल तर कोणत्या वाटेनं जायचं हे आधीच ठरवून ठेवा. आमच्या गावचा ओढा भरला की एकच वाट उरते. आम्हाला ती माहीत आहे, पण नवीन आलेल्या सुनांना माहीत नव्हती.

खाटेखाली घर करायचं बंद नाही केलं आम्ही. खाटेखालचं आधी सगळं बाहेर ओढतो, झाडतो, विंचू-किडा बघतो, मग गोधडी सोडतो. ओल्या दिवसांत ते पण कोरड्या जागी येतात. आणि पत्र्याच्या घरात, ओल्या भिंतीला लागून वायर लोंबत असेल तर त्या बाजूला लेकरू जाऊच द्यायचं नाही.

शेवटचं, पाळीचं. एकटीनं दिवसभर लेकरू रमवणं होत नाही. कितीही खेळ माहीत असले तरी होत नाही. म्हणून एका गल्लीतल्या चार-पाच घरांनी ठरवलं की झडीच्या दिवशी दुपारी दोन तास लेकरं एकीच्या वसरीत. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. एक मोठं माणूस कायम लेकरांजवळ, बाकीच्यांनी आपापली कामं करायची नाही तर झोपायचं. हो, झोपायचं पण. एकीनं विचारलं, लेकरू दुसरीकडं पाठवून झोपले तर लोक काय म्हणतील? आम्ही सांगितलं, आमच्याकडून परवानगी आहे.

पहिल्या वेळी दोन घरांतली लेकरं आली नाहीत. का आली नाहीत, ते गावात राहणाऱ्या बायांना समजावून सांगायला नको. कुणाच्या वसरीत कुणाच्या लेकरानं बसायचं, कुणाच्या हातचं खायचं, हे अजून आहे. आम्ही कुणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती दोन्ही लेकरं स्वतःच, पोतं डोक्यावर घेऊन, चिखलातून आली. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की इथं बैल करतात. मागून त्यांच्या आज्जी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, शिंगं अशी नसतात, आणि आत येऊन बसल्या.

गडीमाणसांचं एक चांगलं सांगायला पाहिजे, नाही तर घरी गेल्यावर ऐकावं लागेल. एका लेकराच्या बापानं पारावरून येऊन ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करून दिली. वरचं साल सोलून चोयट्या काढायच्या, आतलं पांढरं भेंड तोडून त्याची चाकं, चोयट्या टोचून सांगाडा. लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं, मोठेपणी विसरतात. चोयटी धारेची असते, बोट कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यानं करायचं आणि भेंडात काडी टोचायचं काम लेकरानं. त्या दिवसापासून झड लागली की लेकरं त्याला शोधत पारावर जातात आणि उठवून आणतात. त्याचा पत्त्यांचा डाव मोडतो. तो वैतागतो, पण येतो.

फुकणीनं मारलेल्या त्या पोराचं विचारत असाल. तो आता चार वर्षांचा झालाय. परवा त्याची आई कणीक मळत होती तर जवळ येऊन त्यानं विचारलं, "राख टाकू का?" ती नाही म्हणाली. तो म्हणाला, बरं, आणि मीठ टाकलं. जरा जास्तच टाकलं.

मृग जवळ आलाय. आमच्या डब्यांत माती भरून झाली आहे, कुलपांना तेल घातलंय. तुमच्याकडं लेकरं कशानं रमतात ते या केंद्रावर फोन करून सांगा, आम्हाला पण नवीन खेळ पाहिजेत. आता आमची एसटीची वेळ झाली. येतो. रामराम.